तांबट : एका पक्ष्याचे आणि एका चित्रकाराचे नाव

डोंबिवलीसारख्या दाट वस्तीच्या गावात पक्षी आधी ऐकू येतो, दिसतो मागाहून. उन्हाळ्याच्या तोंडावर एखाद्या जुन्या सोसायटीच्या आवारातल्या उंबरावरून किंवा पिंपळावरून टुक-टुक-टुक असा एकसारखा ठोका सुरू होतो. गाड्यांचा आवाज, लोकलच्या घोषणा या सगळ्यांतूनही तो कानावर येत राहतो. हा तांबट. चिमणीहून जरासा मोठा, हिरव्या अंगाचा, कपाळावर आणि गळ्याशी लाल ठिपका ल्यालेला. तांब्याच्या भांड्यावर हातोडी पडावी तसा त्याचा आवाज, म्हणून कोणा अनामिकाने त्याला कारागिराचे नाव दिले. ज्याने हे नाव दिले त्याने पक्षी नीट ऐकला होता, आणि तांबटाचे कामही.

या नावाचा एक चित्रकार आपल्याकडे होऊन गेला. गंगाराम चिंतामण नवगिरे-तांबट हे त्याचे पूर्ण नाव, आणि अठराव्या शतकाच्या अखेरचे पुणे ही त्याची कर्मभूमी. मराठी वाचकाला पेशवाई ठाऊक असते, नाना फडणीस ठाऊक असतात, पानिपत तर पाठच असते. परंतु त्याच पुण्यात कागद-कुंचला घेऊन जनावरासमोर उभ्या राहिलेल्या या माणसाविषयी आपल्या वाङ्मयीन वा कलाविषयक चर्चेत फारसे बोलले जात नाही. प्रस्तुत लेखाचे निमित्त त्याचे एक चित्र आहे.

ते चित्र गेंड्याचे आहे. सवाई माधवराव पेशव्यांना पशुपक्ष्यांची आवड होती आणि पर्वतीच्या पायथ्याशी त्यांचा शिकारखाना होता. तिथल्या गेंड्याचे हे चित्र नोव्हेंबर १७९० मधले. आज ते अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कलाकेंद्रात आहे. ते तिकडे गेले ते चार्ल्स मॅलेट यांच्यामुळे. मॅलेट १७८६ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीचे रेसिडेंट म्हणून पुण्यास आले. राजकारणाच्या बरोबरीने त्यांना लेण्यांचे, वास्तूंचे, प्राण्यांचे कुतूहल होते, आणि गंगाराम त्यांच्यासाठी चित्रे काढीत असे.

या चित्राचे मोल समजायचे तर गेंड्याच्या चित्रांचा थोडा इतिहास पाहावा लागतो. १५१५ मध्ये गुजरातच्या सुलतानाकडून पोर्तुगीजांना मिळालेला एक गेंडा गोव्याहून जहाजाने लिस्बनला पोहोचला. अल्ब्रेख्त ड्यूरर या थोर जर्मन चित्रकाराने तो कधीच पाहिला नाही. कोणी पाठवलेले वर्णन आणि एक कच्चे रेखाटन यांच्या आधारे त्याने लाकडी ठशाचे चित्र केले. त्यात जनावराच्या अंगावर जणू लोखंडी चिलखताचे पत्रे बसवलेले आहेत आणि मानेच्या मागे, मुळात नसलेले, एक जादा शिंग आहे. चित्र इतके प्रभावी होते, की पुढे दोन शतकांहून अधिक काळ युरोप गेंडा म्हणून तेच पाहत राहिला. प्रतिभेने केलेली चूक साध्या चुकीपेक्षा फार दिवस टिकते, असे म्हणावे लागते.

आपणही या बाबतीत मागे नाही. गेंडा सह्याद्रीत नाही. त्याचा मुलूख हिमालयाच्या पायथ्याची तराई आणि आसाम. मराठी माणसाला गेंडा ठाऊक होता तो ढालीच्या रूपात आणि भाषेच्या रूपात. 'गेंड्याची कातडी' हा आपल्याकडे निगरगट्टपणाचा वाक्प्रचार. ड्यूररने त्या कातडीचे चिलखत केले, आपण तिची शिवी केली. दोन्ही ठिकाणी जनावर बाजूला राहिले आणि त्याच्यावर लादलेला अर्थ तेवढा उरला.

गंगारामासमोर मात्र प्रत्यक्ष प्राणी होता, आणि त्याने कातडी ही कातडी म्हणूनच पाहिली. खांद्यावर, मांडीवर पडलेल्या त्या घड्या, त्यांच्यामधला ताण आणि सैलपणा, आखूड पायांवर पेललेले धूड, हे सारे त्याच्या चित्रात जिवंत शरीराचे भाग म्हणून येते. जनावर ओळखीचे करण्यासाठी त्याने त्यात काही भर घातली नाही. साहित्याच्या विद्यार्थ्याला यातले अवघडपण लगेच कळावे. प्रतिमा हाताशी तयार असताना ती न वापरता वस्तूकडे पाहणे, हे लेखकालाही सहजासहजी साधत नाही.

येथे एक आक्षेप संभवतो. गंगाराम हा जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराचा शिष्य, तेव्हा हे पाहणे त्याला साहेबाने शिकवले, असे म्हटले जाते. शनिवारवाड्यात मॅलेट यांच्या प्रोत्साहनाने चित्रशाळा निघाली, वेल्स तिथे होता आणि गंगाराम त्याच्याबरोबर वावरला, हे खरेच. परंतु वेल्स हिंदुस्थानात आला १७९१ साली, आणि गेंड्याचे चित्र १७९० चे आहे. युरोपीय चित्रे व छापील पुस्तके गंगारामाने मॅलेट यांच्याकडे पाहिली असणे शक्य आहे. छायाप्रकाशाची काही रीत त्याने तिथून उचललीही असेल. तरीही हा हात वेल्सने घडवलेला नव्हता, एवढे तारखाच सांगतात. धातूच्या पत्र्यावर नक्षी कोरणाऱ्यांच्या जातीत तो जन्मला होता. पत्र्यावरची रेघ पुसता येत नाही. ती मारण्याआधीच पाहून घ्यावे लागते. गंगारामाच्या रेषेतला ठामपणा तिथून आला असावा, हा माझा तर्क. पुरावा म्हणून मी तो मांडत नाही.

आणि अशा पाहण्याची परंपराही आपल्याकडे होती. आपले पणजोबा बाबर यांनी प्राण्यांची वर्णने लिहिली पण चित्रे काढवून घेतली नाहीत, असे जहांगीर बादशहा आपल्या आठवणींत नोंदवतो. ती उणीव त्याने मन्सूरकडून भरून काढली. १६१२ मध्ये गोव्याहून आणवलेल्या टर्की कोंबड्याचे मन्सूरचे चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. १७७७ पासून पुढे काही वर्षे कलकत्त्यात लेडी इम्पी यांच्यासाठी शेख झैनुद्दीन, भवानी दास आणि राम दास या पाटण्याच्या चित्रकारांनी पक्ष्यांची अप्रतिम चित्रे केली. गंगाराम या मंडळींच्या पंगतीतला आहे. त्यांच्याविषयी आता ग्रंथ निघतात, प्रदर्शने भरतात. मराठीत मात्र 'कंपनी शैली' असा एक शिक्का मारून आपण हा सगळा विषय मिटवून टाकतो. जणू ही चित्रे कंपनीनेच काढली!

नावाचा प्रश्न खरोखरच मोठा आहे. मॅलेट यांच्यासाठी गंगाराम वेरूळला गेला आणि त्याने लेण्यांची मापे घेतली, चित्रे काढली. वेल्सही पुढे लेण्यांच्या मागे लागला. साष्टीतील लेण्यांचे काम करीत असताना तो आजारी पडला आणि नोव्हेंबर १७९५ मध्ये ठाण्यात वारला. डोंबिवलीहून लोकलने जेमतेम वीस-पंचवीस मिनिटांवरचे हे ठाणे. परंतु तिथे रोज उतरणाऱ्या आपल्यापैकी कितीजणांना हे ठाऊक असते? त्याआधीच्याच महिन्यात सवाई माधवराव शनिवारवाड्यात पडून गेले होते. वेरूळच्या चोवीस दृश्यांचा संग्रह १८०३ मध्ये टॉमस डॅनियलच्या देखरेखीखाली लंडनला प्रसिद्ध झाला. त्याच्या शीर्षपृष्ठावर वेल्सचे नाव आहे आणि ते योग्यही आहे. पण गंगारामाच्या वाट्याला असे शीर्षपृष्ठ आले नाही. त्याचे कागद मॅलेट यांच्या संग्रहात राहिले म्हणून वाचले, आणि अलीकडे कलेतिहासाच्या अभ्यासकांनी ते उलगडले म्हणून त्याचे नाव पुन्हा उच्चारले जाऊ लागले.

हे केवळ जुन्या काळचे दुखणे नव्हे. पक्षिनिरीक्षकाच्या झोळीतले पुस्तक आपण लेखकाच्या नावाने ओळखतो. सलीम अलींचे १९४१ सालचे पुस्तक सलीम अलींचे असते, आणि असायलाच हवे. परंतु झाडीत क्षणभर चमकलेला पक्षी आपण ओळखतो तो बव्हंशी चित्रावरून. छायाचित्रात एक पक्षी एका क्षणी, एका उजेडात सापडतो. चित्रकार मात्र शेकडो वेळा पाहिलेल्या पक्ष्यांतून, संग्रहालयाच्या खणातल्या नमुन्यांची पिसे मोजून, त्या जातीचा पक्षी उभा करतो. जवळपास सारख्या दिसणाऱ्या दोन जाती एकाच ढबीत शेजारी-शेजारी बसवतो, म्हणजे फरक डोळ्यांत भरावा. २०१५ मध्ये दिवंगत झालेले कार्ल डिसिल्वा हे असे काम आयुष्यभर करणारे चित्रकार. त्यांच्या चित्रांवरून पक्षी ओळखणाऱ्या किती जणांना त्यांचे नाव आठवते? ज्याच्यामुळे आपल्याला पक्ष्यांची नावे कळतात, त्याचेच नाव आपण वाचत नाही.

समीक्षेच्या परिभाषेत अशा कामाला 'यथातथ्य चित्रण' म्हणतात, आणि त्या शब्दात थोडी हेटाळणी असते. कल्पनाशक्ती नाही, म्हणून कला नाही, असा त्याचा ध्वनी. गंगारामाचा गेंडा या समजाला उत्तर देतो. काय वगळायचे, कोणत्या घडीवर किती छाया द्यायची, जनावर किती जवळून दाखवायचे, हे सगळे निवडावे लागते. आणि समोरच्या जिवाला त्याचे स्वतःचे असणे बहाल करण्यासाठी स्वतःच्या अलंकारांना आवर घालणे, हीही कल्पनाशक्तीच आहे. आपल्या निबंधांना, कथांना, आणि समीक्षेलाही, या आवरातून शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

उन्हाळ्यात पुन्हा उंबरावरून ठोका ऐकू आला, की पक्षी शोधायला मान वर करावी. पानांत हिरवे मिसळून गेलेले असल्याने तो लवकर सापडत नाही, थांबावे लागते. त्या थांबण्यात पुण्याच्या गंगाराम तांबटाचीही आठवण ठेवावी. त्यालाही शिकारखान्यासमोर असेच थांबावे लागले असणार.