दोन तटांच्या भांडणात राहून गेलेली वायर

टीव्हीच्या मागचा वायरींचा गुंता आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा. तो सोडवायचा विडा एके काळी जगातल्या मोठ्या कंपन्यांनी उचलला होता. त्याची ही हकिगत.

१९९४ साली स्वीडनच्या एरिक्सन कंपनीत फोन आणि त्याच्या जोडीच्या वस्तू वायरीशिवाय जोडायचं काम सुरू झालं. १९९८ मध्ये पाच कंपन्या त्यासाठी एकत्र आल्या आणि ब्लूटूथ तयार झालं. हे नाव दहाव्या शतकातल्या हॅराल्ड या डॅनिश राजाचं टोपणनाव. ब्लूटूथवरून आवाज जायचा, पण सिनेमाचं चित्र पाठवायला त्याचा वेग फारच कमी पडायचा.

मग अल्ट्रा-वाइडबँड आलं. फेब्रुवारी २००२ मध्ये अमेरिकेच्या दळणवळण आयोगानं त्याला ३.१ ते १०.६ गिगाहर्ट्झ एवढा रुंद पट्टा मोकळा करून दिला. अट अशी, की ताकद अगदी कमी ठेवायची. आपण ज्वारी वाळत घालताना ढीग करत नाही, अंगणभर पातळ पसरतो, तसंच हे. लहरी पातळ पसरल्या की दुसऱ्याच्या यंत्रात खरखर होत नाही. पट्टा रुंद, म्हणून माहितीही भरपूर जाते. फक्त मजल एका खोलीपुरती. वायरलेस यूएसबी हा त्याचाच प्रकार. त्याचा कागदावरचा वेग तीन मीटरवर सेकंदाला ४८० मेगाबिट होता.

नियम ठरवायला आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेत समिती बसली आणि तिथे दोन तट पडले. इंटेल आणि टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स एकीकडे, मोटोरोला दुसरीकडे. ठराव मंजूर व्हायला शंभरातली पंचाहत्तर मतं लागत. कुणालाच ती मिळेनात. आपल्या बचत गटात ठराव अडला, तर कुणीतरी मोठी बाई मध्ये पडते. इथं तशी कुणी नव्हती! जानेवारी २००६ मध्ये समितीच गुंडाळली.

वायरलेस यूएसबीच्या वस्तू नंतर बाजारात आल्या. त्या महाग होत्या, आणि वेग सांगितल्यापेक्षा कमी. तोवर वायफायच वेगवान झालं होतं. मात्र सगळा दोष भांडणावर टाकणं मला पटत नाही. वायर स्वस्त असते, खोचली की चालते. तिच्याशी स्पर्धा सोपी नव्हती.

२००८ मध्ये ६० गिगाहर्ट्झच्या लहरींवरून चित्र पाठवायची आणखी एक खटपट झाली. या लहरी जेमतेम पाच मिलिमीटर लांबीच्या. अशाच चिमुकल्या लहरींवर आपल्या जगदीशचंद्र बोसांनी १८९०च्या दशकात कोलकात्यात प्रयोग केले होते. दूरवरची घंटा वाजवून दाखवली होती. पण ६० गिगाहर्ट्झच्या लहरींना भिंत अडवते, मध्ये माणूस उभा राहिला तरी त्या अडखळतात. घरात माणसं तर येजा करणारच.

अल्ट्रा-वाइडबँड पुन्हा दिसलं ते २०१९ मध्ये, ॲपलच्या फोनमध्ये. एखादी वस्तू नेमकी कुठे आणि किती अंतरावर आहे, हे त्याला बारकाईनं मोजता येतं. सिनेमा पाठवण्यासाठी ज्याच्यावर एवढं भांडण झालं, ते आता हरवलेल्या किल्ल्या शोधून देतं.