तळोदा परिसरातील केळी व पपई बागा : थंडी आणि वादळापासून संरक्षण

तळोदा तालुक्याच्या उत्तरेला सातपुडा आणि दक्षिणेला तापीचे खोरे आहे. येथे बर्फ पडत नाही. मात्र अक्कलकुवा तालुक्यातील डाब परिसरात कडाक्याच्या थंडीत दवबिंदू गोठतात आणि त्याच रात्री पायथ्याच्या बागांनाही थंडीचा फटका बसतो. पुढे एप्रिल ते जून या काळात वादळी वारे व गारपिटीचा धोका असतो. थंडी आणि वारा या दोन्हींचा विचार करूनच बागेची आखणी करावी. वाऱ्यासाठी केलेले कुंपण चुकीच्या बाजूला असेल, तर तेच थंडी अडवून धरते.

कोणत्या बागेला कधी धोका?

- मृगबाग (जून-जुलै लागवड) : थंडीत घड निसवण्याची अवस्था येऊ शकते. काढणी वादळाच्या काळात येते.
- कांदेबाग (ऑक्टोबर-नोव्हेंबर लागवड) : कोवळी रोपे थेट थंडीत सापडतात.
- पपई : थंडीत पाने गळतात व फळे पोसत नाहीत. खोड पोकळ असल्याने फळांनी लदलेले झाड वाऱ्यात मोडते.

थंडीचा परिणाम

तापमान १६ अंश सेल्सिअसखाली गेले की केळीची वाढ मंदावते. ते १० अंशांखाली गेल्यास पाने पिवळी पडून करपतात, पाने येण्याचा वेग कमी होतो आणि घड पोंग्यात अडकतो. सालीखालील चीक गोठल्याने फळाचा रंग मळकट होतो व भाव घसरतो.

थंड हवा उताराने वाहते

निरभ्र आणि वारा नसलेल्या रात्री जमीन वेगाने थंड होते. जमिनीलगतची थंड हवा जड असल्याने पाण्यासारखी उताराकडे वाहते व सखल भागात साचते. म्हणून एकाच गावात उंचावरची बाग वाचते आणि नाल्याकाठची करपते. मोबाईलवर दिसणारे तापमान आपल्या शेतातले असेलच असे नाही. सर्वांत सखल कोपऱ्यात, झाडाच्या उंचीवर साधा तापमापक टांगून पहाटे नोंद घ्यावी.

वारारोधक कुंपण

- शेवरी किंवा गजराज गवताच्या दोन ओळी लागवडीच्या वेळीच लावाव्यात. तयार कुंपण नसल्यास हिरवी शेडनेट बांधावी.
- जमिनीचा उतार उत्तरेकडून दक्षिणेकडे असल्यास उत्तर व पश्चिम बाजू दाट ठेवावी. उत्तरेकडील कुंपणामुळे वरून येणारी थंड हवा बाजूला वळते.
- उताराच्या खालच्या बाजूला सलग दाट कुंपण करू नये. तेथे असल्यास डिसेंबरपूर्वी त्याचा बुंध्याकडील भाग विरळ करावा, म्हणजे साचलेली हवा बाहेर पडेल.
- भिंतीसारखा पूर्ण बंद आडोसा टाळावा, कारण वारा त्यावरून उसळून आतल्या झाडांवर आदळतो. थोडा वारा पार होऊ देणारे कुंपण उंचीच्या साधारण दहापट अंतरापर्यंत संरक्षण देते.

थंडीच्या रात्रीचे नियोजन

१. रात्री किंवा पहाटे ठिबकने पाणी द्यावे. विहीर व कूपनलिकेचे पाणी हवेपेक्षा उबदार असते आणि ओली जमीन दिवसाची ऊब धरून ठेवते.
२. आच्छादन बुंध्याभोवती ठेवावे. दोन ओळींमध्ये वाळलेल्या पाल्याचा जाड थर असल्यास जमिनीतील ऊब वर येत नाही.
३. एका मोठ्या जाळापेक्षा बांधावर ठिकठिकाणी लहान शेकोट्या कराव्यात. वारा सुटला असेल तर त्याचा उपयोग होत नाही. वाळलेल्या पानांजवळ विस्तव ठेवू नये.
४. घडांना सच्छिद्र पांढऱ्या पिशव्या घालाव्यात. हिरवी पाने कापू नयेत. फक्त करपाग्रस्त भाग काढावा.
५. थंडीत नत्राचा मोठा हप्ता टाळून पालाशची मात्रा शिफारशीप्रमाणे पूर्ण द्यावी.

वादळापूर्वी

- मार्चअखेर बुंध्याला मातीची भर द्यावी.
- निसवलेल्या झाडांना कैचीसारखे दोन बांबू द्यावेत, किंवा घडाखाली पट्टी बांधून झुकावाच्या विरुद्ध बाजूच्या झाडाच्या बुंध्याशी ताणावी.
- वादळाचा इशारा असताना भरपूर पाणी देऊ नये. भिजलेल्या जमिनीत मुळांची पकड सैल होते.
- तयार घड व पक्व पपई आधी काढून घ्यावीत.
- इशाऱ्यांसाठी मेघदूत व विजेसाठी दामिनी ॲप पाहावे.

नुकसान झाल्यावर

बाग साफ करण्याआधी छायाचित्रे काढावीत. फळपीक विमा असल्यास गारपिटीच्या नुकसानीची माहिती ७२ तासांच्या आत द्यावी. थंडी व वाऱ्याचे निकष त्या वर्षीच्या शासन निर्णयात पाहून घ्यावेत. त्यानंतर साचलेले पाणी काढावे. मुळे शाबूत असलेली कोवळी झाडे सरळ करून भर द्यावी. मोडलेल्या झाडाचा एक जोमदार पील खोडव्यासाठी राखावा. गारांच्या जखमांवर कॉपर ऑक्सिक्लोराईड २५ ग्रॅम प्रति १० लिटर पाण्यातून फवारावे.

थंडीने करपलेली बाग लगेच उपटू नये. पोंगा हिरवा व टणक असल्यास तापमान वाढताच नवी पाने येतात. दोन-तीन आठवडे वाट पाहून, सहायक कृषी अधिकारी किंवा कोळदे येथील कृषी विज्ञान केंद्राच्या सल्ल्याने निर्णय घ्यावा.