घर्षणाचा नियम आणि क्लचच्या प्लेटा

शिक्षकांच्या एका प्रशिक्षण वर्गात आम्ही घर्षणावर बोलत होतो. 'घर्षणबल संपर्काच्या क्षेत्रफळावर अवलंबून नसते' हे वाक्य फळ्यावर लिहून होते न होते तोच मागच्या बाकावरील एका सरांनी विचारले, "मग मोटरसायकलच्या क्लचमध्ये एकाऐवजी सात-आठ प्लेटा कशासाठी?" "क्षेत्रफळ वाढावे म्हणून," असे उत्तर आमच्या तोंडून निघून गेले आणि वर्ग हसला. फळ्यावरचे वाक्य अजून पुसलेले नव्हते!

हा गोंधळ जुना आहे. लिओनार्दो दा विंचीने क्षेत्रफळाची ही गोष्ट टिपून ठेवली होती, पण त्याच्या वह्या शतकानुशतके अप्रकाशित राहिल्या. १६९९ मध्ये गियोम आमाँताँ या फ्रेंच संशोधकाने पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे तीच गोष्ट मांडली, तेव्हा तेथील विद्वानांनाही ती पटेना. द ला हीर यांनी प्रयोग पुन्हा करून पाहिले आणि आमाँताँ बरोबर ठरला. पुढे कूलाँबने रोशफोरच्या आरमारी गोदीत मोठी वजने सरकवून हे नियम पक्के केले. विद्युतभारांच्या नियमामुळे आपल्याला माहीत असलेला तो हाच कूलाँब. घर्षणावरील निबंधासाठी त्याला १७८१ चे पारितोषिक मिळाले होते.

आता मोटरसायकलकडे वळू. सुरुवातीच्या बहुतेक मोटरसायकलींना क्लच नसे. इंजिनावरून पट्टा थेट मागच्या चाकावर जाई. गाडी ढकलत पळायचे, इंजिन सुरू झाले की उडी मारून बसायचे आणि चढावर इंजिन धापा टाकू लागले की उतरून पुन्हा पळायचे. १९११ मध्ये आइल ऑफ मॅन बेटावरील शर्यत स्नेफेल डोंगराच्या चढावरून नेण्यात आली. तेव्हा पहिले तिन्ही क्रमांक 'इंडियन' या गाड्यांनी पटकावले. (नाव इंडियन, गाडी मात्र अमेरिकेची.) त्यांना साखळी व दोन गतींची गिअरपेटी होती. अशी गिअरपेटी वापरायची तर इंजिन आणि चाक यांची जोडणी हवी तेव्हा तोडता आली पाहिजे. क्लचचे काम तेच.

एकावर एक रचलेल्या, तेलात बुडालेल्या प्लेटांचा क्लच मोटारींत रुळवण्यात हेन्री हेले-शॉ या इंग्रज अभियंत्याचा मोठा वाटा आहे. द्रवाच्या प्रवाहरेषा दाखवणारे त्याचे १८९८ चे प्रयोग भौतिकीच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असतात. त्याच्या क्लचमधील युक्ती अशी: प्लेटांची थप्पी एकाच स्प्रिंगने दाबली, तर स्प्रिंगचे बल प्लेटांत वाटले जात नाही. प्रत्येक पृष्ठभागावर ते पूर्णच्या पूर्ण पडते.

वर्गात हे सहज दाखवता येते. कागदाचे दोन तुकडे टेबलाला एका कडेने चिकटवा, मध्ये एक पट्टी ठेवा, वर वीट ठेवा आणि पट्टी स्प्रिंगकाट्याने ओढा. मग तीन तुकडे व त्यांच्यामध्ये दोन पट्ट्या घेऊन त्या एकत्र ओढा. वीट तीच, पण बल सुमारे दुप्पट लागते. एकच पट्टी दुप्पट रुंद केली तर मात्र फारसा फरक पडत नाही. आमाँताँ आणि मागच्या बाकावरचे सर, दोघेही बरोबर!

आकडे घालून पाहू. समजा स्प्रिंगचे बल १००० न्यूटन, सरासरी त्रिज्या ५.५ सेंटिमीटर, तेलातला घर्षणांक ०.१२ आणि आठ प्लेटांचे सोळा पृष्ठभाग. गुणाकार केला की सुमारे १०६ न्यूटन-मीटर येतात. एवढ्याशा डब्यात हे साधते.

१९२४ मध्ये इंग्लंडमधील कॅम्बर्ली येथे माळरानावरची शर्यत झाली. आजच्या मोटोक्रॉसची सुरुवात तिच्यापासून मानतात. चिखलात, वाळूत स्वार क्लच अर्धवट दाबून गाडी काढतो. प्लेटा एकमेकींवरून सेकंदाला १०० रेडियन वेगाने घसरत असतील आणि ४० न्यूटन-मीटर आघूर्ण वाहत असतील, तर ४ किलोवॅट उष्णता निर्माण होते. न्हाणीघरातले दोन गीझरच म्हणा ना! डर्ट बाइकच्या प्लेटा लवकर का जातात, ते यावरून कळावे.

प्लेटा 'गुळगुळीत झाल्या' म्हणून क्लच घसरतो, असे पुष्कळदा सांगतात. खरे कारण बहुधा वेगळे असते. आठ प्लेटा प्रत्येकी ०.२ मिलिमीटर झिजल्या तर थप्पी १.६ मिलिमीटरने पातळ होते, स्प्रिंग तेवढी सैल पडते आणि बल घटते. शिवाय केबलमधला मोकळा खेळ संपतो आणि क्लच कायमचा किंचित दाबलेला राहतो. इंजिन ओरडते, गाडी पळत नाही. म्हणून इंजिन उघडण्याआधी केबल तपासावी. मग तेल पाहावे. मोटारीसाठीच्या काही तेलांत घर्षण कमी करणारी द्रव्ये असतात, ती येथे घातक ठरतात. म्हणून तर १९९८ मध्ये मोटरसायकलच्या तेलांसाठी 'जासो' हे जपानी मानक आले. उलट, क्लच दाबूनही गाडी पुढे सरकत असेल तर पोलादी प्लेटा वाकल्या असतील. त्या काचेवर ठेवून पाहाव्यात. बास्केटच्या दातांवर खाचा पडल्या असतील तर प्लेटा त्यांत अडकतात आणि नव्या घालूनही दोष जात नाही.

घर्षणाच्या अस्तराची कथा थोडी कडू आहे. डर्बीशायरमधील हर्बर्ट फ्रूड याने १८९७ मध्ये घोडागाड्यांच्या ब्रेकचे ठोकळे बनवायला घेतले. शेतकरी ब्रेकला जुन्या बुटांचे चामडे लावतात, हे पाहून त्याला कल्पना सुचली, असे सांगतात. पुढे या धंद्यात अ‍ॅसबेस्टॉस आले. ते जळत नाही, झिजते सावकाश आणि स्वस्तही. मोटरसायकलींच्या क्लचमध्ये अनेक वर्षे बूचही वापरले गेले. आपल्याकडच्या चेतक स्कूटरच्या प्लेटा बुचाच्याच होत्या. १९६० मध्ये दक्षिण आफ्रिकेतील वॅग्नर व सहकाऱ्यांनी अ‍ॅसबेस्टॉस आणि फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग यांचा संबंध दाखवला, तरी ब्रिटनमध्ये पूर्ण बंदी येण्यास १९९९ उजाडले. आता अ‍ॅरामिड धागे व कागदी अस्तरे वापरतात.

जुन्या गाडीचा कोरडा क्लच किंवा ब्रेक उघडताना हवेच्या झोताने धूळ उडवण्याची गॅरेजातली सवय त्यामुळे सोडलीच पाहिजे. ओल्या फडक्याने पुसावे. नव्या प्लेटा मात्र बसवण्यापूर्वी काही तास इंजिनाच्याच तेलात भिजत ठेवाव्यात आणि स्प्रिंगचे बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे करून आवळावेत.