घरटे, नीड आणि धानाच्या बांधीतला सारस
१/ आमचे तिरोडा ज्या गोंदिया जिल्ह्यात आहे, तेथे पावसाळ्यात धानाच्या बांध्यांत आणि तलावांच्या काठी सारस अंडी घालतो. पक्षिनिरीक्षकांच्या नोंदींत त्यास सर्रास 'नेस्टिंग' म्हटले जाते. या शब्दाचा इतिहास पाहू.

२/ मराठीत आपण 'घरटे' म्हणतो. रोपाचे जसे रोपटे, तसे घराचे घरटे, म्हणजे लहानसे घर. संस्कृत 'गृह'पासून प्राकृत 'घर' झाले. हालाच्या 'गाथासप्तशती'तील महाराष्ट्री प्राकृतातही 'घर' आढळते. पक्ष्याच्या निवाऱ्याला आपण माणसाच्या निवाऱ्याचेच नाव दिले.

३/ संस्कृतातील जुना शब्द मात्र 'नीड'. त्याच्या मुळाशी 'नि' म्हणजे खाली आणि 'सद्' म्हणजे बसणे. नीड म्हणजे बसण्याची जागा. लॅटिन 'नीदुस' आणि इंग्रजी 'नेस्ट' याच मुळातून आले. परका वाटणारा 'नेस्ट' हा आपल्या 'नीड'चा सख्खा भाऊ आहे.

४/ यांपैकी सारसाला कोणता शब्द लागू पडतो? उथळ पाण्यात गवत-लव्हाळ्याचा ढीग, त्यावर बहुधा दोन अंडी. नर-मादी आळीपाळीने सुमारे महिनाभर उबवतात. पिल्ले एक-दोन दिवसांतच ढीग सोडून आईबापांमागे चालू लागतात. हे घर नव्हे, ही बैठक आहे.

५/ मग घर कोणते? उत्तर पक्ष्याच्या नावातच आहे. 'सारस' हा शब्द 'सरस्' म्हणजे तलाव यावरून आला. त्याचे घर तलाव, आणि बांधीत तो बसावयास येतो.

६/ हा भेद केवळ कोशापुरता नाही. महाराष्ट्रात सारस आता प्रामुख्याने गोंदिया-भंडारा परिसरातच उरला आहे. २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याच्या घटत्या संख्येची स्वतःहून दखल घेतली.

७/ 'माझ्या शेतात त्याचे घर' असे ऐकले की शेतकऱ्याला जमीन अडकल्याची धास्ती वाटणे स्वाभाविक आहे. त्याच्याकडे मागणे खरे तर एवढेच, की बांधीचा तो कोपरा अंडी फुटेपर्यंत सोडावा. तलाव राखण्याचा भार मात्र एकट्या शेतकऱ्यावर टाकता येत नाही. माजी मालगुजारी तलाव गाळाने भरले किंवा त्यांवर अतिक्रमण झाले, तर त्याचे उत्तरदायित्व शासनाचे आणि आपल्या सर्वांचे.

८/ बैठक महिन्याभराची, घर बारमाही. सारस टिकवायचा तर दोन्ही राखावी लागतील.