आधी साहित्य, मग राज्य

कॅनडात राज्य आधी झाले. १८६७ साली संघराज्य उभे राहिले. परंतु आपले स्वत्व कशात आहे, याचा शोध तेथील साहित्यिक पुढे शंभर वर्षे घेतच होते. मार्गारेट ॲटवूडबाईंनी १९७२ साली ‘सर्व्हायव्हल’ या ग्रंथात तोच प्रश्न मांडला.

आमच्याकडे क्रम उलटा. आळंदीस समाधिस्थ झालेल्या ज्ञानदेवांनी १२९० मध्ये गीतार्थ मराठीत आणला. देहूच्या तुकोबांनी सतराव्या शतकात ती वाणी घरोघर पोचवली. १९४६ च्या बेळगाव साहित्यसंमेलनाने संयुक्त महाराष्ट्राची मागणी केली आणि १ मे १९६० रोजी राज्य आले. बेळगाव मात्र बाहेरच राहिले. ती सल अजून बुजलेली नाही.

याच देहू-आळंदीच्या परिसरात आज पिंपरी-चिंचवड आणि चाकणचे कारखाने आहेत. देशभरातून माणसे येथे पोटासाठी आली. २०१६ साली पिंपरीत साहित्यसंमेलनही भरले. मला वाटते, स्वत्व सीमेवरच्या दगडांनी राखले जात नाही. या परमुलखातल्या कामगारांचे सुखदुःख मराठीत उतरले, तर त्यांची मुले मराठीला आपली म्हणतील. आणि मराठीचे अंगणही तेवढेच मोठे होईल.