केस जिंकली, पण वकिलाची फी कोण देणार?

आजच्या भागाचा हा लेखी अवतार, बसच्या गोंगाटात ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी.

समजा, तुम्ही मित्राला ४०,००० रुपये उसने दिले आणि आता तो फोनच उचलत नाही. तुम्ही आपल्या संभाजीनगरात, अदालत रोडवरच्या कोर्टात दावा लावला आणि जिंकलात. वकिलांना दिले १५,०००. हे १५,००० त्याच्याकडून वसूल होतील का? कायदा म्हणतो, खर्च हरणाऱ्याने द्यायचा. खरी गंमत इथूनच सुरू होते.

ही कल्पना इंग्लंडातली, १२७८ च्या ग्लॉस्टरच्या कायद्याइतकी जुनी. अमेरिकेने ती नाकारली. तिथे १७९६ पासून साधारण नियम असा, की ज्याचा वकील त्याने त्याची फी द्यावी. आपल्याकडे इंग्रजांचीच वाट आली. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ३५ सांगतं, जिंकणाऱ्याला खर्च मिळावा. न्यायाधीशांना तो द्यायचा नसेल तर कारण लिहावं लागतं. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात, त्यामुळे ही संहिता आपल्याकडे पोचली थेट १ एप्रिल १९५१ ला.

मग अडतं कुठे? आकड्यात. कोर्ट 'खर्च' देतं म्हणजे तुम्ही खिशातून मोजलेली फी देतं असं नाही. नियमांच्या तक्त्यात जी वकील फी बसते, तेवढीच धरली जाते. समोरच्याने मुद्दाम खोटा दावा किंवा खोटा बचाव केला असेल तर १९२२ पासून कलम ३५अ आहे: वेगळी भरपाई, तेव्हा जास्तीत जास्त १,००० रुपये. १९७६ च्या दुरुस्तीने मर्यादा ३,००० झाली. आणि तिथेच राहिली! चांगल्या मोबाइलची फुटलेली स्क्रीनही तेवढ्यात बदलून मिळत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये सांगितलं, की खर्च प्रत्यक्षातला आणि वाजवी असावा, उच्च न्यायालयांनी तसे नियम करावेत. पण २०११ मध्ये दिल्लीच्या एका खटल्यात ४५ लाखांवर खर्च लावलेला त्याच न्यायालयाने रद्द केला. कारण? नियमांत जेवढं आहे त्यापलीकडे जाता येत नाही. २०१२ मध्ये विधी आयोगाने फक्त खर्चावर एक अख्खा अहवाल लिहिला, क्रमांक २४०.

बदल झाला, पण कुणासाठी बघा. २०१५ च्या व्यापारी न्यायालयांच्या कायद्याने वकिलाची फी खर्चात स्पष्टपणे धरली, ३,००० ची मर्यादाही काढली. मात्र वाद व्यापारी हवा, आणि २०१८ पासून किमान ३ लाखांचा. म्हणजे ज्याला वकील परवडतो त्याला फी परत मिळण्याची सोय, आणि ४०,००० वाला जुन्याच तक्त्यात. मला हे उलटं वाटतं.

तोवर काय करायचं? नोटीस, टायपिंग, साक्षीदार, नकला यांचा खर्च मागता येतो, १९७६ पासून संहितेत तशी तरतूद आहे. पावत्या जपा आणि वकिलांना त्या दाखल करायला सांगा. महिलांना उत्पन्न कितीही असलं तरी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. वाद दुकानदाराशी किंवा कंपनीशी असेल तर ग्राहक आयोगात जा: ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, आणि आपली बाजू स्वतः मांडता येते. उसन्या पैशांना तो रस्ता नाही. त्यासाठी लोकअदालत आहे. तिथे तडजोड झाली तर भरलेली कोर्ट फी परत मिळते. वकिलाची नाही.