संमोहनोपचार : मानसिक आघातावरील पूरक उपचार

२ डिसेंबर २०१५ रोजी सकाळी संपलेल्या चोवीस तासांत चेन्नईच्या दक्षिणेकडील तांबरम येथे ४९ सेंटीमीटर पावसाची नोंद झाली. अडयार नदीच्या पुरामुळे मुडिचूर, वरदराजपुरम आणि लगतच्या वसाहती जलमय झाल्या. अनेक कुटुंबांना वरच्या मजल्यांवर आश्रय घ्यावा लागला व नौकांच्या साहाय्याने त्यांची सुटका करण्यात आली. अशा आपत्तीनंतर पाणी ओसरते, घरे पुन्हा उभी राहतात. परंतु काहींच्या मनातील भय मात्र तसेच राहते. पावसाची सर आली की छातीत धडधड सुरू होणे, रात्री दचकून जागे होणे, पाण्याच्या आवाजानेही अस्वस्थ होणे अशी लक्षणे दीर्घकाळ टिकू शकतात. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर आणि ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर मराठवाड्यातही मानसिक आघाताचा प्रश्न ठळकपणे पुढे आला होता.

अशा आघातावर जे उपचार सुचविले जातात, त्यांत संमोहनोपचाराचाही समावेश असतो. या उपचाराविषयी समाजात कुतूहल आहे, तसेच गैरसमजही पुष्कळ आहेत. संमोहन म्हणजे नेमके काय, आघातग्रस्त व्यक्तीला त्याचा कितपत उपयोग होतो आणि तो उपचार कोणाकडून घ्यावा, याची ही माहिती.

मानसिक आघात आणि त्याची लक्षणे

जीवाला धोका निर्माण करणारा प्रसंग, गंभीर अपघात, हिंसाचार, लैंगिक अत्याचार किंवा नैसर्गिक आपत्ती यांना सामोरे गेल्यानंतर मन हादरणे स्वाभाविक आहे. बहुसंख्य लोक कुटुंबाच्या व समाजाच्या आधाराने काही आठवड्यांत सावरतात. मात्र प्रसंगाच्या आठवणी वारंवार उसळून येणे, त्याची आठवण करून देणाऱ्या गोष्टी टाळणे, सतत सावध व चिडचिडे राहणे ही लक्षणे महिन्याहून अधिक काळ टिकली आणि दैनंदिन व्यवहारात अडथळा येऊ लागला, तर तो आघातोत्तर तणाव विकार असू शकतो. अमेरिकन मनोविकार संघटनेने १९८० मध्ये या विकाराला आपल्या वर्गीकरणात स्वतंत्र स्थान दिले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या अकराव्या वर्गीकरणात, दीर्घकाळ चाललेल्या अत्याचारांनंतर उद्भवणाऱ्या गुंतागुंतीच्या आघातोत्तर विकाराचाही समावेश करण्यात आला आहे.

संमोहन म्हणजे काय?

संमोहन ही एकाग्रतेची एक विशेष अवस्था आहे. या अवस्थेत व्यक्तीचे लक्ष एका विषयावर केंद्रित होते, आजूबाजूच्या गोष्टींचे भान कमी होते आणि दिलेल्या सूचनांना प्रतिसाद देण्याची क्षमता वाढते. ही झोप नव्हे. संमोहित व्यक्तीला उपचारकाचे बोलणे ऐकू येते, ती उत्तरे देऊ शकते आणि नको असल्यास थांबूही शकते. रंगमंचावरील प्रयोगांमुळे संमोहित माणूस पूर्णपणे दुसऱ्याच्या ताब्यात जातो, अशी समजूत रूढ झाली असली तरी ती वस्तुस्थितीला धरून नाही.

सर्वांवर संमोहनाचा परिणाम सारखा होत नाही. ही क्षमता मोजण्यासाठी अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात वाइट्झेनहॉफर आणि हिलगार्ड यांनी १९५९ मध्ये मोजपट्ट्या तयार केल्या. थोडे लोक अतिशय सहजपणे संमोहित होतात, थोड्यांवर जवळजवळ परिणाम होत नाही आणि बहुतेक जण या दोहोंच्या मध्ये असतात.

उपचाराचा प्रारंभ सविस्तर विचारपूस व निदानाने होतो. त्यानंतर श्वासावर किंवा एखाद्या बिंदूवर लक्ष केंद्रित करवून शरीर शिथिल केले जाते, ठरलेल्या उद्दिष्टानुसार सूचना दिल्या जातात आणि शेवटी व्यक्तीला पूर्ण भानावर आणले जाते. घरी करावयाचे स्वसंमोहन शिकविणे हाही उपचाराचा महत्त्वाचा भाग असतो.

गोमंतकीय धर्मगुरूचे योगदान

या शास्त्राच्या इतिहासात गोव्याला मानाचे स्थान आहे. अठराव्या शतकात फ्रान्झ मेस्मर यांनी शरीरातील अदृश्य चुंबकीय प्रवाहाने रोग बरे होतात, असा दावा केला होता. फ्रान्सच्या राजाने नेमलेल्या आयोगाने १७८४ मध्ये तो फेटाळला. बेंजामिन फ्रँकलिन हे या आयोगाचे सदस्य होते. आयोगाने परिणामांचे श्रेय कल्पनाशक्तीला दिले. मात्र त्या कल्पनाशक्तीचा उपयोग कसा करता येईल, हा विचार तेव्हा पुढे गेला नाही.

तो पुढे नेणाऱ्यांत बार्देश तालुक्यातील कांदोळी येथे ३१ मे १७५६ रोजी जन्मलेले आबे फारिया हे अग्रणी होते. पॅरिसमध्ये १८१३ पासून त्यांनी जाहीर प्रयोग केले. संमोहनाचे कारण उपचारकाच्या अंगच्या शक्तीत किंवा चुंबकीय प्रवाहात नसून ते संमोहित होणाऱ्याच्या मनात असते, हे त्यांचे प्रमुख प्रतिपादन होय. १८१९ मध्ये त्यांचे निधन झाले. पणजी येथे जुन्या सचिवालयाजवळ असलेला त्यांचा पुतळा शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत यांनी घडविला असून तो १९४५ मध्ये उभारण्यात आला.

पुढे १८४५ मध्ये बंगालमधील हुगळी येथे जेम्स एस्डेल या शल्यचिकित्सकांनी या पद्धतीने रुग्णांच्या वेदना कमी करून शस्त्रक्रिया केल्या. भूल देणाऱ्या रसायनांचा वापर सुरू झाल्यावर ही पद्धत मागे पडली. मँचेस्टरमधील जेम्स ब्रेड यांनी १८४३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथामुळे 'हिप्नॉटिझम' ही संज्ञा रूढ झाली. पहिल्या महायुद्धात तोफांच्या भडिमाराने मन खचलेल्या सैनिकांवर चार्ल्स मायर्स यांच्यासह काही डॉक्टरांनी संमोहनाचा उपयोग केला. मानसिक आघात आणि संमोहन यांचा संबंध अशा रीतीने शतकाहून जुना आहे.

आघातावर उपयोग कसा केला जातो?

आघातावरील उपचार सामान्यतः तीन टप्प्यांत होतो. पहिल्या टप्प्यात व्यक्तीला स्थैर्य व सुरक्षितता मिळवून दिली जाते, दुसऱ्या टप्प्यात आघाताच्या आठवणींवर काम केले जाते आणि तिसऱ्या टप्प्यात तिला नित्य जीवनाशी पुन्हा जोडले जाते. संमोहनाचा सर्वांत निर्धोक उपयोग पहिल्या टप्प्यात होतो. मनाला शांत वाटेल अशा स्थळाची कल्पना करणे, श्वास संथ करणे, झोप सुधारणे आणि घाबरल्याच्या क्षणी स्वतःला सावरण्यासाठी एखादी खूण ठरवून घेणे, ही कौशल्ये या वेळी शिकविली जातात. पुराचा अनुभव घेतलेल्या व्यक्तीला पावसाचा आवाज ऐकू येत असतानाच 'आज मी सुरक्षित आहे' ही जाणीव टिकवून ठेवण्याचा सराव अशा प्रकारे करता येतो.

दुसऱ्या टप्प्यात अधिक सावधगिरी लागते. घटना दूरच्या पडद्यावर दिसत आहे अशी कल्पना करून तिच्याकडे अंतर राखून पाहणे, हवे तेव्हा ते चित्र थांबविणे अशी तंत्रे वापरली जातात. आठवण पुसून टाकणे हा याचा हेतू नसतो. ती मनात आल्यावर होणारा त्रास कमी करणे, हे उद्दिष्ट असते.

पुरावा काय सांगतो?

नेदरलँड्समध्ये ब्रोम, क्लेबर आणि डेफारेस यांनी १९८९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ११२ आघातग्रस्तांचा समावेश होता. संमोहनोपचारासह तीन वेगवेगळ्या मानसोपचारांनी, उपचाराच्या प्रतीक्षेत असलेल्या गटापेक्षा अधिक सुधारणा घडून आली. ऑस्ट्रेलियात रिचर्ड ब्रायंट व सहकाऱ्यांनी २००५ मध्ये ८७ व्यक्तींवरील अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात विचार-वर्तन उपचाराला संमोहनाची जोड दिली असता उपचाराच्या अखेरीस आठवणी उसळून येण्याचा त्रास अधिक कमी झाल्याचे आढळले. सहा महिन्यांनंतर मात्र संमोहनासह आणि संमोहनाविना दिलेल्या विचार-वर्तन उपचारांचे परिणाम जवळपास सारखेच होते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत आघातोत्तर तणाव विकारासाठी आघातकेंद्री विचार-वर्तन उपचार आणि डोळ्यांच्या हालचालींवर आधारित 'ईएमडीआर' या पद्धतींची शिफारस आहे. यावरून संमोहनाचे स्थान स्पष्ट होते. ते मुख्य उपचाराला जोड देऊ शकते. त्याची जागा घेऊ शकेल, इतका पुरावा उपलब्ध नाही. मानसिक आघाताव्यतिरिक्त वेदनानियंत्रण, दंतोपचाराची भीती आणि आतड्यांचा क्षोभ यांसाठीही संमोहनाचा वापर होतो.

स्मृतीविषयी दक्षता

संमोहनाने विसरलेल्या आठवणी जशाच्या तशा परत येतात, ही समजूत घातक ठरू शकते. स्मृती ही ध्वनिमुद्रणासारखी नसते. संमोहित अवस्थेत कल्पना व आठवण यांची सरमिसळ होऊ शकते आणि त्यातून निर्माण झालेल्या चुकीच्या आठवणीवरही व्यक्तीचा ठाम विश्वास बसू शकतो. अमेरिकन वैद्यकीय संघटनेच्या समितीने १९८५ मध्येच असा इशारा दिला होता. अशा 'आठवणीं'वरून एखाद्या नातेवाइकावर गंभीर आरोप झाल्यास संपूर्ण कुटुंब उद्ध्वस्त होऊ शकते. 'पूर्वजन्मात नेऊन' आघात बरा करण्याच्या दाव्यांना शास्त्रीय आधार नाही.

तीव्र मनोविकृती, उन्माद, आत्महत्येचे विचार किंवा भान हरपण्याची प्रवृत्ती असलेल्या व्यक्तींच्या बाबतीत मनोविकारतज्ज्ञांच्या सल्ल्याविना संमोहन करणे धोकादायक ठरू शकते. संमोहन सुरू केले म्हणून चालू असलेली औषधे परस्पर बंद करू नयेत.

कायद्यातील स्थान

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २५ नोव्हेंबर २००३ रोजी पर्यायी उपचारपद्धतींविषयी एक आदेश काढला. त्यात नमूद केलेल्या तज्ज्ञ समितीच्या मतानुसार आयुर्वेद, सिद्ध, युनानी, होमिओपॅथी आणि योग व निसर्गोपचार या पद्धती मान्यतेच्या निकषांना उतरल्या. अ‍ॅक्युपंक्चर व संमोहनोपचार यांना मात्र केवळ उपचाराची तंत्रे मानण्यात आले. नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकांना किंवा योग्य प्रशिक्षण घेतलेल्या व्यक्तींना ती वापरू द्यावीत, असे समितीचे म्हणणे होते. मान्यता नसलेल्या पद्धतींच्या उपचारकांनी 'डॉक्टर' ही उपाधी लावू नये, असेही समितीने सुचविले.

हा भेद तांबरममध्ये सहज लक्षात येतो. तांबरम सॅनेटोरियम परिसरात २००५ मध्ये उद्घाटन झालेली राष्ट्रीय सिद्ध संस्था आहे. तेथे सिद्ध वैद्यकातील 'सिरप्पु मरुत्तुवम' या विषयाचे पदव्युत्तर शिक्षण मिळते. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ नुसार ही पदव्युत्तर पदवी धारण करणाऱ्यांचा मानसिक आरोग्य व्यावसायिकांच्या व्याख्येत समावेश होतो. 'संमोहनोपचारक' असा स्वतंत्र वर्ग मात्र त्या व्याख्येत नाही. त्यामुळे केवळ काही दिवसांच्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र मिळाल्याने कोणी मानसिक आरोग्य व्यावसायिक ठरत नाही. संमोहन करणारी व्यक्ती मुळात मनोविकारतज्ज्ञ आहे की चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, ही बाब म्हणूनच निर्णायक ठरते.

उपचार घेण्यापूर्वी काय विचारावे?

उपचारकाची मूळ पदवी कोणती आणि नोंदणी कोठे आहे, हे प्रथम विचारावे. चिकित्सा मानसशास्त्रज्ञांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते, तर मनोविकारतज्ज्ञांची राज्य वैद्यकीय परिषदेकडे. संमोहनापूर्वी निदान केले जाणार आहे का, किती सत्रे लागतील, त्रास वाढल्यास काय व्यवस्था आहे आणि सांगितलेली माहिती गुप्त राहील का, हे प्रश्नही विचारावेत. उपचारापूर्वी सर्व माहिती मिळणे आणि संमती देणे वा नाकारणे, हा रुग्णाचा हक्क आहे. एका सत्रात कायमचा आराम मिळेल, अशी हमी देणाऱ्यांपासून दूर राहावे.

भाषेचा मुद्दाही दुर्लक्षित करता येत नाही. संमोहन हा शब्दांच्या आधारे होणारा उपचार असल्याने सूचना ज्या भाषेत दिल्या जातात, ती रुग्णाला जवळची असणे आवश्यक असते. तांबरममध्ये हवाई दलाचा तळ आहे आणि चेन्नई परिसरात देशाच्या विविध भागांतून आलेली कुटुंबे राहतात. तमिळ वा इंग्रजीत व्यवहार करू शकणाऱ्या मराठी व्यक्तीलाही भयाचा अनुभव मातृभाषेतच सांगावासा वाटू शकतो. उपचारक निवडताना ही गरज स्पष्टपणे सांगावी.

चेन्नईत किल्पॉक येथे १७९४ पासूनचा वारसा असलेली शासकीय मानसिक आरोग्य संस्था आहे. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेल्या 'टेलि-मानस' सेवेच्या १४४१६ या निःशुल्क क्रमांकावर मराठी व तमिळसह अनेक भारतीय भाषांत अहोरात्र समुपदेशन उपलब्ध आहे. आत्महत्येचे विचार येत असल्यास संमोहनोपचारकाच्या भेटीची वाट न पाहता तातडीने या क्रमांकावर किंवा जवळच्या रुग्णालयाशी संपर्क साधावा.

संमोहनाचे सामर्थ्य रुग्णाच्या स्वतःच्या मनात असते, हे फारिया यांनी दोन शतकांपूर्वी सांगितले. त्या सामर्थ्याचा सुरक्षित उपयोग होण्यासाठी योग्य निदान, प्रमाणित मुख्य उपचार आणि प्रशिक्षित व उत्तरदायी उपचारक या तीन गोष्टींची जोड असणे अगत्याचे आहे.